साखर सोडताना स्नायू राखणे : साठीनंतरच्या वजनाविषयी एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय ६७, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. दोन्ही गुडघे दुखतात, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, आणि नुकत्याच झालेल्या तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.२ टक्के आला आहे. दिवसाला सहा कप चहा होतो, प्रत्येकात दोन चमचे साखर असते आणि सोबत बिस्किटे असतात. आता साखर एकदम बंद करून तीन महिन्यांत १५ किलो उतरवायचे असे आपण ठरवले आहे. हे या वयाला झेपेल का, साखरेऐवजी मध किंवा गोडव्याच्या गोळ्या चालतील का, आणि पुढे आयुष्यभर गोडाला हातच लावायचा नाही का, असे आपण विचारले आहे.

साखर सोडण्याचा निश्चय योग्य आहे आणि तो आपण जरूर पाळावा. तीन महिन्यांत १५ किलो हा आकडा मात्र सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सुचवते. त्यामागचा हिशेब साधा आहे. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरींचा साठा असतो. १५ किलो चरबी ९० दिवसांत खर्ची घालायची तर रोज सुमारे १३०० कॅलरींची तूट पाडावी लागेल. आपल्या वयाच्या, उंचीच्या आणि वजनाच्या, बहुतेक वेळ बसून असणाऱ्या स्त्रीच्या शरीराचा दिवसभराचा एकूण खर्चच १७०० ते १८०० कॅलरींच्या आसपास असतो. म्हणजे खायला उरतात चारशे-पाचशे कॅलरी. इतक्या अन्नात प्रथिने, कॅल्शियम, लोह आणि जीवनसत्त्वे बसवणे अशक्यप्राय आहे, आणि शरीर ती उणीव आपल्याच स्नायूंमधून भरून काढू लागते. शिवाय इतक्या वेगाने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

वयस्कांच्या आहाराचे काम मी गेली पंचवीसएक वर्षे करीत आहे, आणि या काळात माझ्या मनात सर्वांत पक्की बसलेली गोष्ट म्हणजे वजनकाटा हा या वयात अपुरा साक्षीदार असतो. काट्यावर पाच किलो कमी दिसले, तरी त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. व्यायामाची जोड न देता केवळ खाणे कमी केले, तर उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो. त्यात मुख्यतः स्नायू असतात. तिशीतल्या माणसाला हा तोटा भरून काढता येतो. साठीनंतर स्नायू तसेही दरवर्षी थोडे थोडे झिजत असतात आणि गमावलेला स्नायू परत मिळवणे फार कष्टाचे होते. पुढे वजन पुन्हा वाढले, आणि घाईने उतरवलेले वजन बहुधा वाढतेच, तर परत येते ती प्रामुख्याने चरबी. असे दोन-तीन फेरे झाले की माणसाचे वजन पूर्वीइतकेच राहते आणि ताकद मात्र कमी झालेली असते.

एक गृहस्थ मला चांगले आठवतात. सत्तरी ओलांडलेले होते आणि चार महिन्यांत ११ किलो उतरवून आले होते. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी घरीच सुईने दोन नवी भोके पाडली होती आणि ती मला कौतुकाने दाखवत होते. मी त्यांना हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगितले. पहिल्या प्रयत्नात ते अर्धवट उठून परत बसले, दुसऱ्या वेळी पुढे झुकले आणि थांबले, तिसऱ्या वेळी दोन्ही तळहात मांड्यांवर रोवून उभे राहिले. सोबत आलेली मुलगी तोवर हसत होती, ती गप्प झाली. त्यांनी साखर सोडली होती हे चांगलेच केले होते. पण तिच्यासोबत सकाळचे दूध सोडले होते, संध्याकाळचे जेवण सोडले होते, आणि अशक्तपणा वाटतो म्हणून फिरायला जाणेही सोडले होते.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ६५ वर्षांपुढील १०७ स्थूल व्यक्तींचे वर्षभर निरीक्षण केले गेले. केवळ आहार कमी केलेल्या गटाचे वजन सुमारे १० टक्के उतरले आणि आहाराला व्यायामाची जोड दिलेल्या गटाचे सुमारे ९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. परंतु चरबीविरहित वस्तुमान पहिल्या गटात ५ टक्के घटले आणि दुसऱ्यात ३ टक्के. खुब्याच्या हाडाची घनताही दुसऱ्या गटात कमी घटली. चालणे, उठणे, तोल सांभाळणे अशा कामांत सर्वाधिक सुधारणा याच दुसऱ्या गटात दिसली. आपल्या गुडघ्यांचा विचार करता काट्यावरच्या एका टक्क्याच्या फरकापेक्षा ही सुधारणा कितीतरी मोलाची आहे.

आता साखरेकडे येऊ. वजन उतरवायचे तर खाण्यातून काहीतरी वजा करावेच लागते, आणि वजाबाकीची सुरुवात साखरेपासून करावी याला माझ्या दृष्टीने एक भक्कम कारण आहे. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी असतात आणि त्यांच्यासोबत दुसरे काहीही येत नाही. प्रथिने नाहीत, तंतू नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत. साठीनंतर शरीराचा ऊर्जाखर्च हळूहळू घटत जातो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शरीराचे आकारमान जमेस धरूनही ही घट वर्षाला सुमारे ०.७ टक्के असल्याचे दिसले. उलट प्रथिनांची गरज या वयात कमी होत नाही, वाढते. थोडक्यात, ताटातली जागा आक्रसत जाते आणि त्यात बसवायच्या आवश्यक वस्तू मात्र वाढतात. अशा वेळी साखर ही जागा अडवून बसलेली असते, आणि तिला उठवले तर कोणत्याही पोषणाला धक्का लागत नाही. हे भाकरी, डाळ किंवा दूध कमी करण्याबाबत म्हणता येत नाही.

आपण नेमकी किती साखर घेता, हे आधी मोजून पाहावे. माझ्या टेबलावर स्वयंपाकघरातला छोटा काटा असतो आणि येणाऱ्यांना मी घरचा साखरेचा चमचा बरोबर आणायला सांगते. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. पण घरात चमचा सपाट कोणी भरत नाही. शीग लावलेला चमचा काट्यावर ६, कधी ७ ग्रॅमही दाखवतो, आणि समोरची व्यक्ती आकडा पाहून पुन्हा एकदा मोजायला लावते. आपला चमचा मध्यम, म्हणजे ५ ग्रॅमचा धरला, तरी बारा चमच्यांचे ६० ग्रॅम होतात आणि त्यांच्या २४० कॅलरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि जमल्यास ती ५ टक्क्यांखाली आणावी. आपल्या १७०० कॅलरींच्या हिशेबात १० टक्के म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम होतात. बिस्किटांचा विचार न करताही आपला चहाच ही मर्यादा ओलांडतो.

दिवसाच्या २४० कॅलरी वाचल्या तर महिन्याला ७२०० होतात, म्हणजे कागदावर जवळजवळ एक किलो चरबी. प्रत्यक्षात इतकी उतरत नाही. शरीर हिशेबाला पक्के असते. तूट जाणवली की ते भूक थोडी वाढवते, आपल्या नकळत हालचाल थोडी कमी करते, आणि वजन उतरत गेले तसा त्याचा खर्चही कमी होत जातो. म्हणून एवढ्या एका बदलातून महिन्याला अर्धा किलो उतरले तरी ते अपेक्षेप्रमाणेच झाले असे समजावे.

बंद करण्याची पद्धत पेयानुसार वेगळी ठेवावी, असे माझे मत आहे. बाटलीबंद गोड पेये आणि डब्यातले रस घेत असाल तर ते आजच थांबवावेत. त्यांच्यासाठी सवलत नको. साध्या कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, आणि ताज्या फळांच्या रसातही १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास असते. प्यायलेल्या कॅलरींनी पोट भरल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे पुढचे जेवण त्या मानाने कमी होत नाही. चहाची गोष्ट निराळी आहे. तो रोजच्या दिवसाला बांधलेला असतो, आणि एकदम बिनसाखरेचा केला तर बहुतेकजण चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्वीच्याच चमच्याकडे परततात. म्हणून प्रत्येक कपातली साखर दर आठ-दहा दिवसांनी पाव चमच्याने उतरवावी. या गतीने दोन चमच्यांवरून शून्यावर यायला दोन ते अडीच महिने लागतात. जिभेलाही साधारण तेवढाच काळ लागतो. कमी साखरेची सवय झालेल्यांना दोन-तीन महिन्यांनी तोच पदार्थ पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागतो. पुढे एखाद्या दिवशी कोणी चुकून जुन्या मापाचा चहा हातात दिला, की तो चहा न वाटता पाक वाटतो. हा अनुभव आला की काम बरेचसे झाले.

एक चूक मात्र टाळावी. पुष्कळजण साखर सोडायची म्हणून चहाच सोडतात, दुसऱ्या दिवशी डोके ठणकू लागते, आणि शरीराला साखर हवी आहे असा निष्कर्ष काढून ते पुन्हा गोडाकडे वळतात. ही डोकेदुखी बहुधा चहातले कॅफीन अचानक थांबल्याची असते. आधी साखर उतरवावी आणि कप तेवढेच ठेवावेत; साखर सुटल्यावर सहाचे चार, चाराचे तीन करावेत. संध्याकाळनंतरचा कप आधी कमी करावा, कारण झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ दोन्ही वाढतात.

मोजमापासाठी एक जुनी युक्ती मी अनेकांना सांगते. रविवारी सकाळी आठवड्याची ठरलेली साखर वजन करून एका काचेच्या बरणीत काढून ठेवावी आणि चहासाठी फक्त तीच वापरावी. आपल्या सध्याच्या मापाने ती ४२० ग्रॅम भरेल. पुढच्या आठवड्यांत बरणी थोडी थोडी कमी भरत जावी. गुरुवारीच तळ दिसू लागला, तर चमचा पुन्हा शीग धरू लागला आहे हे कोणी न सांगता कळते.

पाकिटातल्या पदार्थांबाबत फार लिहीत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, एवढे लक्षात ठेवून पहिली तीन-चार नावे वाचावीत. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फळांचा आटवलेला रस ही सगळी साखरेचीच रूपे आहेत. ‘साखर घातलेली नाही’ असे ठळक अक्षरांत छापलेल्या बिस्किटातही मैदा आणि तेल असतेच, आणि त्याच्या कॅलरी साध्या बिस्किटाच्या जवळपास जातात.

मधाविषयी आपण विचारले आहे. मधात सुमारे ८० टक्के साखर असते आणि उरलेला भाग मुख्यतः पाणी असतो. गुळातही बहुतांश साखरच असते. त्यांतली खनिजे चमच्याभराच्या मापात नगण्य असतात, त्यामुळे वजनासाठी साखरेऐवजी मध घेणे म्हणजे दारावरची पाटी बदलणे होय. गोडव्याच्या गोळ्यांनी कॅलरी वाचतात हे खरे आहे, परंतु वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये असे मार्गदर्शन जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिले. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांच्यासाठी ते मार्गदर्शन नव्हते. माझा स्वतःचा आक्षेप साधा आहे. गोळीमुळे जीभ होती तिथेच राहते आणि गोड चहाची अपेक्षा सुटत नाही. दोन-तीन महिन्यांचा पूल म्हणून कोणी गोळी वापरली तर मी अडवत नाही. फळे मात्र सोडू नयेत. अख्खे फळ चावून खाल्ले की त्यातले तंतू आणि पाणी पोट भरतात. दिवसाला दोन फळे आपल्या प्रकृतीला चालतील. सुकवलेली फळे मूठभर न घेता मोजून घ्यावीत, कारण पाणी गेल्यावर त्यांच्यात निम्म्याहून अधिक साखरच उरते.

उतारवयात गोडाची ओढ कुठून येते, याकडे मला आपले विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण तरुणांसाठी लिहिलेल्या सल्ल्यात ते सहसा येत नाही. वयाबरोबर वासाची जाण मंदावते आणि पदार्थांचे बारकावे लागेनासे होतात. गोड चव मात्र बराच काळ स्पष्ट लागते, म्हणून हात तिकडे वळतो. दात हलू लागले किंवा कवळी नीट बसत नसली की चावायच्या वस्तू मागे पडतात आणि मऊ, गोड वस्तू पुढे येतात. अशा वेळी आहारतज्ज्ञापेक्षा दंतवैद्याची भेट अधिक उपयोगाची ठरते. तिसरे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे. ॲलर्जीच्या, लघवीच्या आणि मनाच्या आजारांवरच्या काही औषधांनी तोंड कोरडे पडते. अशाच कोरडेपणामुळे एक बाई दिवसभर गोड गोळ्या चघळत असत, आणि ‘मी गोड खातच नाही’ असे मला पूर्ण प्रामाणिकपणे सांगत असत. पिशवीतल्या चांदीच्या डबीत दहा-बारा गोळ्या होत्या. एकेका गोळीत चार-पाच ग्रॅम साखर धरली तर ती सकाळपासून रात्रीपर्यंत ५० ग्रॅमच्या आसपास जात होती, आणि दातांच्या मुळाशी कीड लागली होती ती वेगळीच. त्यांच्या डॉक्टरांनी औषध बदलून दिले, पाण्याची बाटली हाताशी आली, आणि डबी आपोआप रिकामी राहू लागली. तहानेची जाणीवही या वयात बोथट होते, त्यामुळे दुपारी काहीतरी खावेसे वाटले की आधी पाणी पिऊन दहा मिनिटे थांबून पाहावे. आणि चार वाजताची बिस्किटे पुष्कळ वेळा भुकेपोटी खाल्ली जात नाहीत, ती रिकाम्या घरापोटी खाल्ली जातात. त्या वेळी कोणाला फोन करणे किंवा खाली उतरून एक फेरी मारणे, हा उपाय मी कागदावर औषधासारखा लिहून देते.

आता वजाबाकीच्या जोडीची बेरीज. निरोगी वयस्कांनी रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे या क्षेत्रातील तज्ज्ञगटांनी २०१३ आणि २०१४ साली सुचवले आहे. वजन जास्त असताना हा हिशेब पूर्ण वजनावर न करता थोड्या कमी वजनावर करतात. आपल्यासाठी ७० ते ८० ग्रॅम हे लक्ष्य ठीक राहील. त्याआधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी मात्र करून घ्यावी, कारण मूत्रपिंड कमजोर असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते. अंदाजासाठी सांगायचे तर एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिलिलिटर दुधात साडेसहाच्या आसपास, शंभर ग्रॅम शिजलेल्या घट्ट डाळीत किंवा कडधान्यात ८-९ ग्रॅम, आणि तेवढ्याच शिजलेल्या माशात किंवा कोंबडीत २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. ही प्रथिने तिन्ही जेवणांत वाटून घ्यावीत. वयस्क स्नायूला जागे करायला एका वेळी २५ ते ३० ग्रॅमचा जोर लागतो, आणि बहुतेकांची सकाळ नेमकी तिथेच कोरडी जाते. चहा-बिस्किटांवर उरकलेल्या सकाळी पाच ग्रॅमही पोटात जात नाहीत. साखर कमी करताना सर्वांत आधी ही न्याहारी सुधारली, तर चार वाजताची ओढ निम्मी होते, असे मी वारंवार पाहिले आहे.

व्यायामाचे म्हणाल तर चालणे उत्तम, पण चालण्याने स्नायू पुरेसे राखले जात नाहीत. आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, आणि ६५ नंतर तोल सांभाळण्याच्या सरावासह तो तीन दिवस असावा. सुरुवात खुर्चीपासून करावी. न सरकणारी, बिनचाकांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. गुडघे दुखत असल्यामुळे बैठक उंच करण्यासाठी तिच्यावर घट्ट उशी ठेवावी. हात छातीवर दुमडून उठावे आणि तीन मोजत सावकाश बसावे. आठ वेळा झाले की थांबावे, थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा आठ वेळा करावे. बसताना धप्पकन न बसता सावकाश बसणे हाच यातला खरा व्यायाम आहे. दोन-तीन आठवड्यांनी उशी काढावी. भिंतीला हात टेकून दंड काढणे, टाचा उचलणे, हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन वर करणे हे पुढचे टप्पे आहेत. गुडघ्याला दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला तर प्रमाण कमी करावे, व्यायाम बंद करू नये.

उद्दिष्ट म्हणून सहा महिन्यांत चार ते सहा किलो एवढेच धरावे. हे ऐकायला अगदीच बेताचे वाटते, हे मी जाणते. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या एका मोठ्या अभ्यासात सहभागींना केवळ ७ टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे लक्ष्य दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, आणि ६० वर्षांपुढील सहभागींमध्ये तर ७१ टक्क्यांनी. आपला ६.२ हा आकडा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा आहे, म्हणजे हा अभ्यास जवळजवळ आपल्यासारख्यांचाच होता. गुडघ्यांचेही तसेच आहे. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरले तर प्रत्येक पावलाला वीस किलो हलके.

वजन आठवड्यातून एकदाच करावे. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. पहिल्या दोन आठवड्यांत दीड-दोन किलो झपाट्याने उतरले तर हुरळून जाऊ नये. शरीरातील साठवणीच्या साखरेसोबत तिच्या तिप्पट पाणी बांधलेले असते आणि आधी ते पाणीच निघून जाते. तसेच खारट जेवण किंवा बद्धकोष्ठता यांनी एखादा किलो वाढलेला दिसला तर खट्टू होऊ नये. चार आठवड्यांची सरासरी पाहावी. काट्यासोबत आणखी दोन नोंदी ठेवाव्यात. पहिली कमरेच्या घेराची. तो उंचीच्या निम्म्याच्या जवळ, आपल्यासाठी ८० सेंटिमीटरच्या दिशेने, सरकत आहे एवढे पुरे. दुसरी नोंद ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येते याची. ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा उठता आले तर पडण्याचा धोका अधिक मानतात. वजन उतरत आहे आणि हा आकडाही उतरत आहे, असे दिसले तर तिथेच थांबावे, जेवणातली प्रथिने वाढवावीत आणि वजन उतरवणे महिनाभर स्थगित ठेवावे.

औषधांबाबत दोन सूचना आहेत. वजन आणि खाणे कमी झाले की रक्तदाबही उतरतो, आणि जुन्या मात्रेची गोळी मग जड पडू लागते. अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर ‘साखर सोडल्यामुळे अशक्तपणा आला’ असे समजून साखर खाऊ नये. रक्तदाब मोजावा आणि डॉक्टरांना दाखवावा. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दुसरी सूचना आपल्याला आज लागू नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकांना लागू असेल. जे इन्शुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेतात, त्यांनी साखर आणि पिष्ट पदार्थ कमी करण्याआधीच मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे, अन्यथा रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. अशा माणसांनी घरात साखर सोडली तरी खिशात १५ ग्रॅम ग्लुकोज कायम बाळगावे.

आणि काहीजणांनी हा मार्ग मुळीच धरू नये. ज्यांचे वजन आधीच बेताचे आहे, जे नुकतेच मोठ्या आजारातून किंवा शस्त्रक्रियेतून उठले आहेत, ज्यांचे हाड किरकोळ पडण्याने मोडले आहे, किंवा ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे जेवणाचे भान राहत नाही, त्यांनी वजन टिकवण्याकडेच पाहावे. सत्तरीनंतर थोडे जास्त वजन हे अति कमी वजनाइतके घातक नसते. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून अधिक वजन उतरले असेल तर त्याचा आनंद न मानता लगेच तपासणी करून घ्यावी. आपल्या बाबतीतही, मी सांगितले त्याहून दुप्पट वेगाने वजन उतरू लागले, तर ते यश समजू नये.

आयुष्यभर गोडाला हात लावायचा नाही का, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही, असे मुळीच नाही’ हे आहे. पहिले तीन महिने मात्र कसोशीने पाळावेत, कारण जीभ बदलण्याचा तो काळ असतो आणि दर दोन दिवसांनी मोडता घातला तर ती बदलत नाही. त्यानंतर सणासमारंभाला किंवा कोणी आग्रहाने पुढे केले, तर गोड पदार्थ जेवणानंतर, ताटलीत वाढून घेऊन, बसून खावा. उभ्या-उभ्या डब्यातून नको. बहुतेकांना तोवर तो तीन-चार घासांतच पुरे होतो, आणि उरलेला शेजारच्याच्या ताटात सरकवताना त्यांना स्वतःलाच थोडे नवल वाटते.